सव्वाआठ ग्रॅमला जरा कमी: इराणची आधुनिक सुवर्णनाणी जमवायची तर

सराफाच्या काट्यावर इराणचा एक पहलवी, म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं, ठेवा. आकडा येतो 8.13 किंवा 8.14. आता आजीच्या डब्यातली राणीछाप गिन्नी ठेवा, ती भरते 7.98 च्या आसपास. पहलवी थोडा जड, पण त्यात सोनं नव्वद टक्के. गिन्नी 22 कॅरेट, म्हणजे त्याहून जरा शुद्ध. गुणाकार केला की दोन्हींतलं निव्वळ सोनं सारखंच निघतं, 7.32 ग्रॅम. हा योगायोग नाही. 1930 च्या सुमारास इराणने किरान हे चलन सोडून रियाल आणला, तेव्हा त्याचं गणित ब्रिटिश पौंडाशी बांधलं होतं. म्हणून सोन्याचं नाणंही गिन्नीच्या तोडीचं काढलं. तुम्ही कधी गिन्नी हातात घेतली असेल तर इराणी नाण्यांची निम्मी ओळख आधीच झालेली आहे.

उरलेली निम्मी ओळख वाचण्याची आहे, आणि नवखा माणूस पैसे घालवतो तो तिथेच. म्हणून सुरुवात खरेदीपासून करू नका, अक्षरांपासून करा.

आधी तारीख वाचायला शिका

फारसी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे. लिपी येत नसली तरी दहा आकडे एका संध्याकाळी पाठ होतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका. एक म्हणजे आपला दंड. दोनाच्या दंडाला वर एक वळण, तिनाला दोन दाते. पाच म्हणजे उलटं धरलेलं विड्याचं पान. सात हा इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा, घराच्या छपरासारखा. नऊ इंग्रजी नवासारखाच. चार आणि सहा मात्र दोन-दोन तऱ्हांनी कोरलेले दिसतात. तेवढ्यासाठी मोबाइलवर एक तक्ता ठेवा आणि शंका आली की ताडून पाहा.

आकडे आले तरी काम संपत नाही, कारण कालगणना तीन आहेत.

1925 पर्यंत इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्याच्या नाण्यांवर चांद्र हिजरी सन असतो. त्याला 0.97 ने गुणून 622 मिळवले की इसवी सन साधारण हाती येतो. 1925 पासून इराणने सौर हिजरी सन घेतला. त्याचं वर्ष नवरोजला, मार्चच्या विशीत सुरू होतं, त्यामुळे त्यात 621 किंवा 622 मिळवायचे. 1310 म्हणजे 1931-32. मग 1976 मध्ये शेवटच्या शहाने प्राचीन इराणी सम्राट सायरसच्या राज्यारोहणापासून मोजलेला शाहनशाही सन आणला. नाण्यांवर एकदम 2535, 2536, 2537 असे आकडे दिसू लागले. त्यातून 1180 वजा केले की सौर हिजरी सन मिळतो. 1978 मध्ये तो गुंडाळला गेला.

खरा सापळा पहिल्या दोन सनांमध्ये आहे. 1337 हा आकडा घ्या: दंड, दोन दाते, दोन दाते, व्ही. चांद्र सन धरला तर 1918-19, गादीवर अहमद शहा काजार. सौर धरला तर 1958-59, गादीवर महंमद रझा शहा पहलवी. आकडा एकच, मध्ये चाळीस वर्षं आणि एक अख्खं घराणं. माझ्या हाती आलेल्या पहिल्या पाव पहलवीवर हाच सन होता आणि मी मोठ्या उत्साहाने 0.97 ने गुणून बसलो होतो. दोन दिवस मी पहिल्या महायुद्धानंतरचं नाणं खिशात घेऊन हिंडत होतो. तिसऱ्या दिवशी नाण्यावरच्या माणसाकडे नीट पाहिलं. डोक्यावर तुरा नाही, टोपीही नाही, केस मागे वळवलेले. काजार शहा असा उघड्या डोक्याने नाण्यावर येत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी चेहरा, मग आकडा, मग गणित.

कोणाची नाणी, कोणत्या वजनाची

काजारांपैकी नासिरुद्दीन शहाच्या कारकिर्दीत 1877 च्या सुमारास तेहरानला यंत्राची टांकसाळ सुरू झाली. तोवर तब्रीझ, इस्फहान, मशहद, रश्त अशा गावोगावच्या टांकसाळींत हातोड्याने नाणी पडायची. ती वेडीवाकडी, मजकूर निम्मा बाहेर गेलेला अशी असतात. मला ती फार आवडतात, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. आधुनिक संग्रह यंत्राच्या नाण्यापासून सुरू करावा.

काजारांचं सोन्याचं नाणं तोमान. एक तोमान म्हणजे दहा किरान, म्हणजेच दहा हजार दीनार. सुरुवातीची थोडी वर्षं सोडली तर एका तोमानाचं वजन 2.87 ग्रॅम, सोनं नव्वद टक्के. अर्धा तोमान 1.44 ग्रॅमचा, त्यावर मूल्य पाच हजार दीनार. पाव नाही, पाचवा हिस्सा 0.57 ग्रॅमचा, त्यावर दोन हजार दीनार. तो इतका पातळ की नखावर मावतो. पाच हजार दीनारचं चांदीचं नाणंही आहे आणि ते तब्बल 23 ग्रॅमचं. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘पाच हजार दीनार’ वाचून खूश होऊ नका, धातू आणि वजन विचारा.

मुजफ्फरुद्दीन, महंमद अली आणि अहमद हे पुढचे तीन काजार. नवख्याला सर्वांत सहज भेटतो तो अहमद शहा. 1909 मध्ये गादीवर आला तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा पोरगा होता, आणि नाण्यावरचा चेहराही गुबगुबीत, पोरसवदा आहे. काजारांचं एकच नाणं हवं असेल तर त्याचा अर्धा तोमान बघा. मागच्या बाजूचा मजकूर किंवा सिंह-सूर्य भिंगातून पाहण्यासारखा असतो. इराणचं हे राजचिन्ह, शीर-ओ-खुर्शीद: तलवार घेतलेला सिंह आणि त्याच्या पाठीवरून उगवणारा सूर्य. काजारांच्या काळात या सूर्याला डोळे-नाक असत.

1925 मध्ये काजार गेले. रझा शहाने नव्या घराण्याच्या नावाचंच नाणं काढलं, पहलवी. इथे दुसरा सापळा. 1305 ते 1308 या सौर सनांतला ‘एक पहलवी’ फक्त 1.92 ग्रॅमचा आहे. 1310 पासूनचा ‘एक पहलवी’ 8.136 ग्रॅमचा. नाव तेच, वजन चौपटीहून जास्त. जुनी छोटी मालिका छान आहे आणि त्यात दोन व पाच पहलवीही आहेत, पण कोणी रझा शहाचा पहलवी देतो म्हणाला की वजन विचारल्याशिवाय पुढे बोलू नका. 1310 नंतरचा रझा शहाचा पूर्ण वजनाचा पहलवी दुर्मिळ आहे. तो स्वस्तात समोर आला तर आनंद मानू नका, शंका घ्या.

महंमद रझा शहा 1941 मध्ये आला आणि त्याची नाणी मात्र ढिगाने आहेत. सुरुवातीच्या वर्षांत चेहरा नाही, नुसता मजकूर. मग उठावदार चेहरा, आणि साधारण 1951 पासून सपाट उठावाचा. उठावदार चेहऱ्याचं नाणं तिरक्या उजेडात धरलं की गालावर सावली पडते. सपाट चेहऱ्याचं तसं करत नाही. हा फरक फोटोत कळत नाही, हातात घेतलं की लगेच कळतो. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून मजकुरात ‘आर्यमेहर’ ही पदवी शिरली.

याच काळात मापांची उतरंड पूर्ण झाली. रुब म्हणजे पाव, 2.034 ग्रॅम. नीम म्हणजे अर्धा, 4.068. हा ‘नीम’ आपल्या निमसरकारीतला निम. मग एक, अडीच (20.34), पाच (40.68) आणि दहा पहलवी (81.36). दहा पहलवी हातात घेतला तर नाणं कमी आणि पेपरवेट जास्त वाटतो. या सगळ्यांचं मूळ एकच 8.136. हा एक आकडा पाठ असला की बाकी भागाकार-गुणाकार.

1971 मध्ये पर्सेपोलिसला, इराणी लोकांच्या तख्त-ए-जमशीदला, राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा तो गाजलेला सोहळा झाला. त्यानिमित्त 500, 750, 1000 आणि 2000 रियालची सोन्याची प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली, नाणी निघाली. ती संचात, खोक्यासकट मिळतात. देखणी आहेत, पण ती हाताळलेली नाणी नव्हेत, विकण्यासाठीच काढलेली. मी ती शेवटी घेतली.

आणि 1979. क्रांती झाली, शहा गेला, सिंह-सूर्य गेला. नवं नाणं आलं ‘बहार-ए-आझादी’, स्वातंत्र्याचा वसंत. सन 1358. वजन? 8.136 ग्रॅम, सोनं नव्वद टक्के. राजाचा चेहरा काढला, त्याच्या घराण्याचं नाव काढलं, माप मात्र राजाचंच ठेवलं. 1991 च्या सुमारास नवा ठसा आला, त्यावर एका बाजूला खोमेनी आणि दुसऱ्या बाजूला मशहदचा इमाम रझा दर्गा. तेहरानच्या बाजारात याला ‘इमामी’ म्हणतात, आधीच्याला ‘तर्ह-ए-कदीम’, जुना ठसा. खाली नीम, रुब, आणि साधारण एक ग्रॅमचं ‘गेरमी’.

भाव कसा काढायचा

पूर्ण पहलवी किंवा आझादी असेल तर 24 कॅरेटच्या एका ग्रॅमचा त्या दिवसाचा भाव गुणिले 7.32. समजा भाव 10,000 रुपये धरला, तर धातूचीच किंमत 73,200. अर्ध्याला 3.66 ने गुणा, पावाला 1.83 ने. तोमानाला 2.59 ने.

त्याच्या वर जे मागितलं जातं ते नाण्याचं मोल. इराणी लोकांनी त्याला फार नेमका शब्द दिला आहे, हबाब, म्हणजे बुडबुडा. तिथली वर्तमानपत्रं नाण्याच्या भावाबरोबर बुडबुडाही सांगतात. चलनावरचा विश्वास डळमळला की लोक नाण्यांकडे धावतात आणि बुडबुडा फुगतो. शिवाय तिथे लग्नात नवऱ्याने कबूल करायचा मेहेर अनेकदा सोन्याच्या नाण्यांत लिहितात. तो थकवणाऱ्यांनी तुरुंग भरायला लागले तेव्हा 2013 च्या कायद्याने तुरुंगाच्या तरतुदीला 110 नाण्यांची मर्यादा घातली. म्हणजे तेहरानच्या सब्जे मैदानात नाण्याचा भाव पाहणारे सगळेच संग्राहक नसतात, बरेचसे धास्तावलेले नवरे असतात.

तुमच्यासाठी मुद्दा असा की हा बुडबुडा तिथला आहे. जुन्या ठशापेक्षा इमामी तिथे महाग, सोनं मात्र दोन्हींत सारखं. मुंबईत किंवा लंडनमध्ये बसून तुम्ही तेहरानचा बुडबुडा विकत घेण्याचं कारण नाही. महंमद रझा शहाच्या साध्या वर्षाच्या पहलवीसाठी धातूवर थोडंसंच द्या. विक्रेता ‘दुर्मिळ’ म्हणाला तर कोणतं वर्ष, कोणता ठसा, क्राउझ-मिशलरच्या नाणे-कॅटलॉगमधला केएम क्रमांक कोणता, हे विचारा. तो क्रमांक सांगू शकला नाही तर दुर्मिळ हा शब्द भावातून वजा करा.

खरं की खोटं

तीन वस्तू लागतात: एक शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा, कॅलिपर आणि दहापट भिंग. पूर्ण पहलवीचा व्यास साधारण 22 मिलिमीटर. वजन 8.10 च्या खाली गेलं तर झीज तरी आहे, नाहीतर गडबड.

मग पाण्याची परीक्षा. घरी पाच मिनिटांत होते. काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून शून्य करा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. हात स्थिर ठेवा, नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटका. (हे बुडबुडे खरे.) काट्यावर 0.47 च्या आसपास आकडा आला पाहिजे. 8.13 भागिले 0.47 म्हणजे सुमारे 17.3, नव्वद टक्के सोन्याची घनता. आकडा 0.5 च्या पुढे गेला तर सोनं कमी. 0.42 आला तर आत टंगस्टन असू शकतं. पाव किंवा काजारांच्या छोट्या नाण्यांवर ही युक्ती चालत नाही, काट्याची चूक आकड्याच्या मानाने फार मोठी होते.

सराफाकडे टंचाचं यंत्र असतं. तिथे नाणं न घासता शुद्धता कळते, पण यंत्र वरचाच थर पाहतं, म्हणून पाण्याच्या परीक्षेला तो पर्याय नव्हे. सराफाला एकच गोष्ट बजावून सांगा: कसोटीवर घासायचं नाही. त्याच्या दृष्टीने ते सोनं आहे, तो घासणारच. तेहरानमध्येही ‘सर्राफ’ हाच शब्द आहे, पण तिथे तो चलन बदलून देणारा. आपल्याकडे येईपर्यंत तो दागिने घडवायला लागला आणि नाण्याकडेही मोडीच्याच नजरेने बघायला शिकला.

भिंगातून सिंहाची आयाळ पाहा. ओतीव नकलेत केस विरघळल्यासारखे दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि दातेरी कडेवर कुठेतरी जोडाची रेघ सापडते.

पण निम्म्या वेळा प्रश्न खोट्या नाण्याचा नसतो, दागिन्याचा असतो. आपल्या पुतळीच्या माळेसारखंच इराणातही नाणं गळ्यात जातं. कडी लावलेली असते, पुढे कोणीतरी ती काढतो, डाख घासून टाकतो आणि नाणं पुन्हा बाजारात येतं. मी एका दुकानातून घेतलेला नीम पहलवी चेहऱ्याच्या बरोबर वर, बाराच्या काट्याशी, दोन मिलिमीटर गुळगुळीत होता. कडेचे दाते तिथे नव्हतेच. दुकानात कडेकडे पाहिलंच नाही, घरी आल्यावर वजन केलं तर 3.99. आठ शतांश ग्रॅम सोन्याचं नुकसान काहीच नाही, पण संग्राहकाच्या लेखी ते नाणं उरलं नाही, मोडच झाली. तेव्हापासून मी नाणं हातात आलं की आधी कड फिरवून पाहतो, चेहरा नंतर.

नवरोजच्या भेटीसाठी बँकांनी आणि सराफांनी काढलेल्या सोन्याच्या चकत्याही खूप फिरतात. त्यांवर सुंदर अक्षरं असतात, मूल्य नसतं. ती नाणी नव्हेत. आवडली तर जरूर घ्या, पण पहलवीच्या भावाने नको.

कुठून घ्यायची, आणि कायदा

मुंबई-पुण्यातली नाणेप्रदर्शनं आणि लिलाव ही सर्वांत सोपी जागा. मुंबईत इराणी आणि पारशी घरांतून अशी नाणी अधूनमधून बाहेर येतात, तीही बहुतेक पाव आणि अर्धी, नवरोजला किंवा नवजोतला मिळालेली. बिल घ्याच. त्यावर वर्ष, वजन आणि शुद्धता लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला प्राप्तिकर कायद्याची बंदी आहे.

दुबईहून किंवा लंडनहून नाणं खिशात घालून येणार असाल तर एक गैरसमज काढून टाका. परदेशात राहून येणाऱ्यांना दागिन्यांवर मिळणारी करमाफी नाण्यांना लागू नाही. विमानतळावर कस्टम्सच्या रेड चॅनलमधून जा, जाहीर करा, शुल्क भरा. दर बदलत राहतात, निघण्यापूर्वी पाहून घ्या. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी वेगळी अडचण, तिथे इराणी मूळच्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत. आधीपासून देशात असलेलं नाणं घ्यायचं आणि ते कधीपासून तिथे आहे हे कागदावर मागायचं.

उलट बाजूही आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीचं नाणं भारताबाहेर नेता येत नाही. काजार 1925 मध्ये संपले. म्हणजे तुमच्याकडचा काजार तोमान आता इथलाच.

घरी आणल्यावर

काही करू नका. खरंच, काही करू नका. रिठ्याचं पाणी, टूथपेस्ट, सराफाकडचा उजाळा, यांतलं काहीही नाण्याला लावलं की वरची शंभर वर्षांची कातडी जाते आणि ती परत येत नाही. नव्वद टक्के सोन्यात उरलेलं बहुतेक तांबं असतं, त्यामुळे कधी लालसर ठिपके दिसतात. ते खोटेपणाचं लक्षण नव्हे. नाणं कडेने धरा, खाली टॉवेल अंथरा, आणि मापाच्या कॅप्सूलमध्ये ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातल्या मऊ, वासाच्या प्लास्टिक पाकिटांत ठेवू नका.

पहिल्या वर्षी दोनच पूर्ण नाणी घ्या, असं मी सांगतो. एक 2537 चा पहलवी, आर्यमेहरचा. दुसरी 1358 ची बहार-ए-आझादी. आकड्यांवर गेलात तर मध्ये बाराशे वर्षं दिसतात, तीही उलटी. प्रत्यक्षात 2537 नंतरचंच वर्ष 1358. दोन्ही शेजारी ठेवा, भिंगातून पाहा आणि एकामागून एक काट्यावर ठेवा. 8.13. 8.13.